चार बोटं काच

पाटलाने काच खाली केली नाही. माझं सगळं भांडण तिथून सुरू होतं, म्हणून आधी तेच लिहितो.

चैत्र संपत आला होता. माझी आई झिऱ्यावरून डोक्यावर माठ घेऊन येत होती. नाल्याकाठचा रस्ता जेमतेम एका बैलगाडीचा. समोरून पाटलाची नवी मोटार आली, भोंगा वाजला, आई कडेला सरली, दगडावरून तिचा पाय घसरला आणि माठ फुटला. आई गुडघ्यांवर पडली. मोटार थांबली. आईला वाटलं, आता कोणीतरी उतरेल. मागच्या सीटवर पाटील बसला होता. काच वर होती. काचेआड त्याचे ओठ हलले, काय म्हणाला ते आईला ऐकू आलं नाही, आणि मोटार निघून गेली.

"काय बोलना व्हई तो?" आई कितीतरी दिवस मला विचारत राहिली. "शिवी दिन्ही, का लागनं का म्हणीसन इचारं?"

"शिवीच दिन्ही व्हई," मी म्हणायचो.

"तुले काय माहीत? तू तठे व्हता का?"

तिचा हा चांगुलपणा मला डाचायचा. तिचा गुडघा पुढे पंधरा दिवस सुजलेला होता आणि ती त्या माणसाच्या ओठांना चांगला अर्थ शोधत बसली होती. मी काही शोधत बसलो नाही. मला त्या माणसाची काच खाली करायची होती. तिच्यासमोर, दिवसाढवळ्या. त्याला सूड म्हणतात हे मला माहीत आहे, आणि तो शब्द मी बदलणार नाही.

आमची वस्ती गावाबाहेर, ब्राह्मणपुरीकडून येणाऱ्या नाल्याच्या अंगाला. आमच्या हातचं पाणी पाटलाला चालत नव्हतं, म्हणून त्याची बांधीव विहीर आम्हाला बंद. तिला लोखंडी जाळी होती आणि जाळीला कुलूप. आम्हाला झिरा. झिरा म्हणजे नाल्याच्या वाळूत उकरलेला खड्डा. त्यात पाणी हळूहळू पाझरतं, मग नारळाच्या करवंटीने ते भरून घ्यायचं. उन्हाळ्यात एक घागर भरायला अर्धा तास लागे. म्हणून तिथे नियम होता: आल्यावर आपलं भांडं रांगेत ठेवायचं आणि सावलीला बसायचं. रांग भांड्यांची असे, माणसांची नाही. बाळंतीण घरात असो की पाहुणे दारात, कोणाचं भांडं कोणाच्या पुढे जात नसे. हा नियम कोणी लिहिला नव्हता, पण तालुका कचेरीतला कुठलाही नियम मी इतका कडक पाळलेला पाहिला नाही.

मी त्याआधी तीन उन्हाळे सुरतेच्या रेल्वे यार्डात काढले होते. पहिल्या वर्गाच्या डब्यांच्या खिडक्यांना वाळ्याच्या टट्ट्या, म्हणजे मुळांचे विणलेले पडदे, बसवायच्या, त्या भिजवायच्या, सुकल्या की बदलायच्या, हे माझं काम. आत साहेब गारव्यात झोपणार आणि बाहेर आम्ही टपावर पाय भाजून घेणार. तिथेच मला हँडबिलांचा नाद लागला. यार्डातल्या पाणीवाल्यांसाठी मी एक लिहिलं, वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी मला फाटक दाखवण्यात आलं. गावी आलो तो डोक्यात दोन विद्या घेऊन: वाळा कसा गार ठेवायचा आणि माणसाला कागदावर कसं तापवायचं.

दुसरी विद्या लगेच कामाला आली. पाटलाने झिऱ्याच्या वरच्या अंगाला पाण्याचं इंजिन बसवायचा अर्ज केला. त्याला ऊस करायचा होता. इंजिन सुरू झालं असतं तर आठ दिवसांत आमचा झिरा कोरडा पडला असता. अर्जात त्याने चक्क लिहिलं होतं: सदर खड्ड्यातील पाणी घाण असून ते कोणी पीत नाही. कचेरीतल्या एका ओळखीच्या शिपायाने मला ते वाक्य तोंडपाठ करून सांगितलं. दीडशे माणसं ते पाणी पीत होती. पाटलाच्या हिशेबी आम्ही 'कोणी' नव्हतो.

मी नंदुरबारला जाऊन हँडबिल छापलं. 'जाहीर सवाल: झिरा कोणाचा?' मजकुरात झिरा हा शब्द सव्वीस वेळा. छापखानेवाल्याकडे 'झ'चे खिळे होते सहा. त्याने मला न विचारता उरलेल्या वीस ठिकाणी 'ज' लावला. हँडबिल वाटून झाल्यावर कळलं की गावभर मी जिऱ्यासाठी लढतोय.

पाटलाने ते चावडीवर मोठ्याने वाचलं. "अरे, जिरं पाहिजे तर वाण्याकडे जा ना! प्रांतसाहेबांना कशाला त्रास?" सगळी चावडी हसली. तेव्हापासून रस्त्यात भेटला की तो मला 'काय जिरेसाहेब' म्हणे. मी हसत नसे. मी मनात एवढंच म्हणे, आता बघ, तुझी कशी जिरवतो.

पण कशी जिरवायची हे मला ठाऊक नव्हतं. ते मला त्याच्याच ड्रायव्हरने आणून दिलं.

ड्रायव्हर नंदुरबारचा, वयाने माझ्याहून दुप्पट, तोंडाने चावट. वैशाखातल्या एका दुपारी तो आमच्या दारात येऊन उभा राहिला.

"पुढारी, घरमा शेत का?"

"काय काम शे?"

"काम मन्हं नही, मोटारनं शे. गार होई नही ऱ्हायनी."

पाटलाच्या मोटारीला गारव्याची पेटी होती. तालुक्यात तशी दुसरी नव्हती. पत्र्याची पेटी, मागच्या डाव्या खिडकीत अडकवलेली, पुढच्या बाजूला कर्ण्यासारखं तोंड. मोटार पळाली की वारा त्या तोंडात शिरे. आत वाळ्याची टट्टी उभी. वर पाण्याची पन्हळ, पन्हळीतून सुती वाती खाली सोडलेल्या. त्यांवरून पाणी थेंब थेंब वाळ्यावर उतरे. ओल्या वाळ्यातून गाळून आलेला वारा आत गार लागे. रेल्वेच्या डब्यातलीच युक्ती, फक्त लहान केलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रांतसाहेब इंजिनाची जागा पाहायला येणार होते. साहेब देशावरचे, त्यांना आमच्याकडचं ऊन सोसत नसे. पाटलाने पत्र पाठवून कळवलं होतं की नंदुरबार स्टेशनापासून आपली गार मोटार हजर राहील. आणि पेटी भट्टीसारखा वारा सोडत होती.

"पाटीलनी तुले बलावं नही," ड्रायव्हर म्हणाला. "मीच सांगं, रेल्वेना माणूस गावमाच शे. तो म्हणना, कोण? मी म्हणनू, जिरं. त्यानं तोंड पाहाले पाहिजे व्हतं तू!"

नाही म्हणायला मला किती हुरूप आला होता, ते खोटं कशाला सांगू? तापू दे. साहेब घामाघूम होऊन परत जाऊ दे. पण साहेब परत गेले असते तर जागा न पाहताच गेले असते, आणि मग अर्जावरचं ते वाक्यच खरं ठरलं असतं. मी चप्पल घातली.

मोटार पाटलाच्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात उभी होती. पन्हळीत पाणी होतं. वाती ओल्या होत्या. तोंडात पाचोळा अडकलेला नव्हता. ड्रायव्हरला आवारात दोन फेऱ्या मारायला लावल्या; वारा आत येत होता, पण थोडा, दमेकऱ्याच्या श्वासासारखा, आणि गरम. म्हणजे पाणी आहे, वारा आहे, आणि दोघांची गाठ पडत नाही. मी टट्टी बाहेर ओढली. पाणी वाळ्यात न शिरता कडेकडेने खाली वाहून गेलेलं दिसत होतं. मधला भाग कोरडा ठाक. मला वाटलं, वाळाच जुना झाला; पण तो फाल्गुनात बदलला होता असं ड्रायव्हर शपथेवर सांगत होता. मुळं काड्यांसारखी ताठ झाली होती. कारण काही समजेना. टट्टी खांद्यावर टाकून मी घरी आणली.

आई चुलीपाशी होती. तिने टट्टीवरून बोट फिरवलं, बोट पाहिलं, जिभेला लावलं आणि हसायला लागली.

"हाऊ तं पाटीलनी विहीरना खार शे! त्या पाणीमा तुरनी दाय शिजस नही. मन्हा लगीननी आगोदर मन्ही माय त्यासना गोठा धुये, तिन्हा हातले हाऊच पांढरा थर ऱ्हाये."

मी डोक्याला हात लावला. तीन उन्हाळे यार्डात काढलेला मी, आणि मला हे सुचलं नव्हतं, कारण रेल्वे नदीचं पाणी वापरते. पाटलाची विहीर नावाजलेली, बांधलेली, कुलपातली, आणि पाणी मचूळ. पेटीतून तुषार अंगावर येतात, तेव्हा ते पाणी सोवळ्याचंच पाहिजे, असा त्याचा हुकूम होता. रोज त्याच विहिरीची कळशी पन्हळीत. पाणी उडून जाई, खार मुळांवर राही, दिवसेंदिवस थर चढे. त्याच्या सोवळ्याने त्याच्याच गारव्याचा गळा दाबला होता.

आईने चिंच कोळून दिली. तांब्याची भांडी घासायला लागते तशीच, फक्त पाटीभर. त्यात टट्टी बुडवून ठेवली तर थर फसफसत सुटू लागला. मी मुळं हातांनी मोकळी केली, झिऱ्याच्या पाण्यात तीनदा धुतली, तारेच्या चौकटीत परत विरळ बसवली. एक खरवडलेला पांढरा खपला मी कागदात बांधून ठेवला. ही माझी पावती.

मग मी ड्रायव्हरला निरोप दिला: पेटी दुरुस्त आहे, पण विहिरीचं पाणी घातलंत तर पुन्हा थर धरायला लागेल. झिऱ्याचं पाणी लागेल. मोटार झिऱ्यावर आणा. आणि हेही सांगितलं की पाटलाला सगळं आधी सांगायचं. चोरून काही करायचं नाही. माझ्या हँडबिलाखाली माझं नाव असतं.

तो येणार नाही अशी माझी पैज होती. पण उन्हं कलायच्या आत मोटार झिऱ्यावर आली. पाटील खाली उतरला. बायका पदर सावरून उभ्या राहिल्या. भांड्यांची रांग होती तशी राहिली.

"काय जिरेसाहेब? माझ्या विहिरीत खोट काढलीत म्हणे."

मी कागद उघडून खपला पुढे केला. "ही काढली. चाखून पाहा."

त्याने पाहिलं, हात मात्र पुढे केला नाही. "आणि हे पाणी घातलं की गार होईल?"

"होईल. पण तुषार येतात पाटील. तुमच्या तोंडावर येणार. झिऱ्याचे. आमच्या हातचे. नंतर म्हणाल सांगितलं नाही."

ड्रायव्हर पुटपुटला, "मालक, प्रवासमा इटाळ नसस. मोटार हालनी म्हणजे प्रवासच नही का?"

पाटलाने त्याच्याकडे असं पाहिलं की दुसरा असता तर नोकरी सोडून पळाला असता. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "घाला."

"मी नाही घालणार," मी म्हणालो. "आई घालेल. तिची घागर भरलेली आहे."

आई उठली. लंगडत नव्हती आता, पण मला ती लंगडताना दिसली. तिने घागर उचलली आणि मोटारीच्या पन्हळीत पाणी ओतलं, एक थेंब न सांडता, जसं देवापुढच्या समईत तेल घालतात. तीन हातांवर पाटील उभा होता. मला वाटलं होतं, या क्षणी छाती थंड होईल. झाली नाही. आई माझ्याकडे बघून डोळ्यांनीच रागावली: पाणी देताना हिशेब कसला?

फेरी मारायला पाटील आत बसला, मी पुढे ड्रायव्हरजवळ. नाल्याच्या वळणापर्यंत सुंदर गार वारा आला, वाळ्याचा वास दरवळला. पाटलाने डोळे मिटले. पण सारंगखेड्याच्या रस्त्याला लागेपर्यंत आत दमट झालं, काचांवर वाफ धरली, अंग चिकटू लागलं.

"बघ!" पाटील ओरडला. "तुझं पाणीसुद्धा कामाचं नाही!"

मी मागे वळून पाहिलं आणि मला दुसरी खोट दिसली. खरं सांगतो, मला हसू आवरेना. सगळ्या काचा वर होत्या. ओला वारा आत येत होता, त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. आतलाच निघत नाही तर नवा येणार कुठून? रेल्वेच्या डब्यातही समोरची झडप आम्ही थोडी उघडी ठेवायचो.

"पाटील, तुमच्या बाजूची काच खाली घ्या. चार बोटं."

"धूळ येते."

"चार बोटंच. जास्त नाही, कमी नाही."

"काच मी खाली घेत नसतो."

"ते आम्हाला माहीत आहे," मी म्हणालो. "पण घ्यावी लागेल."

त्याने मान पुसली, काचेवरची वाफ पुसली. मग त्याने हँडल फिरवलं. कुरकुर आवाज झाला आणि काच चार बोटं खाली आली. वाफ निघून गेली, वारा पुन्हा गार झाला. त्या कुरकुरीसारखा गोड आवाज मी त्यानंतर ऐकलेला नाही.

सकाळी मोटार नंदुरबारला गेली, बरोबर झिऱ्याच्या पाण्याचे दोन डबे. तापी उतरून साहेबांना घेऊन परत आली तेव्हा आमची अख्खी वस्ती झिऱ्यावर होती. पाटलाचा बेत सरळ होता: मोटार न थांबवता वरच्या अंगाला न्यायची, आतूनच जागा दाखवायची. पण रस्ता एका गाडीचा आणि आई रस्त्याच्या मधोमध उभी. ड्रायव्हरने ब्रेक दाबला. जरा जोरातच दाबला असं मला वाटतं.

आई काचेपाशी गेली. चार बोटांच्या फटीतून म्हणाली, "साहेब, तुम्हले जे पाणी थंडं करी ऱ्हायनं, ते आम्हना झिरानं पाणी शे."

साहेबांना अहिराणी समजत नव्हती. "काय म्हणते ही?"

"साहेबांचं स्वागत असो म्हणते," पाटील म्हणाला.

"नाही साहेब," ड्रायव्हर पुढे बघत बोलला. "ती म्हणते, तुम्हाला गार करतंय ते पाणी यांच्या झिऱ्याचं आहे. आणि आहेच. मीच भरलंय."

साहेब उतरले. त्यांनी रांगेतली भांडी पाहिली, मग खड्डा. "पाटील, तुम्ही लिहिलंय की हे पाणी कोणी पीत नाही. मग ही भांडी कसली?"

"जनावरांसाठी नेतात, साहेब."

आईने करवंटी बुडवली आणि सगळ्यांदेखत गटागटा पाणी प्याली. दुसरी बाई प्याली. तिसरी प्याली. साहेबही प्यायले असं मला हँडबिलात लिहायला फार आवडलं असतं, पण ते प्यायले नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी टिपलं, पेटीतल्या ओल्या वाळ्याला हात लावून पाहिला आणि आत बसले.

पावसाळा लागायच्या सुमारास हुकूम आला: झिऱ्याच्या वरच्या अंगाला इंजिन बसवू नये, बसवायचं तर वळणाच्या खाली. झिरा आमचा राहिला. मी नवं हँडबिल छापलं. या वेळी मजकूर असा लिहिला की 'झ' सहाच वेळा आला.

पुढच्या उन्हाळ्यात पाटलाला पाण्यासाठी झिऱ्यावर यावंच लागलं. विहिरीचं पाणी घालून त्याने आणखी एक टट्टी घालवली आणि मग हट्ट सोडला. ड्रायव्हर पितळी कळशी आणायचा. बायका म्हणायच्या, "भाऊ, रांगमा ठेव." तो ठेवायचा. मोटार उन्हात उभी राहायची. उभ्या मोटारीत वारा शिरत नाही, पेटी मेल्यासारखी पडून राहते, म्हणून पाटलाला सगळी काच खाली करून बसावं लागे, घाम पुसत, आपल्या कळशीची पाळी येईपर्यंत.

अशाच एका दुपारी आई उठून त्याच्या खिडकीशी गेली. मी रांगेच्या पलीकडे होतो, मला सगळं ऐकू आलं.

"पाटील, एक इचारानं व्हतं. त्या दिनले मन्हा माठ फुटना, तवय तुम्ही काचना आडे काय बोलनात?"

पाटलाने कपाळाला आठ्या घातल्या. आठवायचा प्रयत्न केला असेल. तेवढं मी त्याला देतो.

"कोणता माठ?" तो म्हणाला.

आई वळली, रांगेपाशी आली, वाकून त्याची पितळी कळशी दोन्ही हातांनी उचलली. पुढून दुसरी होती ती. रांगेच्या शेवटाला नेऊन तिने ती ठेवली, सगळ्या मडक्यांच्या मागे. त्या झिऱ्यावर कोणी भांडं हलवलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. कोणीच हरकत घेतली नाही. पाटलाचे ओठ हलले. या वेळी काच खाली होती, पण आवाजच निघाला नाही.